सुतकातला कॅमेरा

माझी मुलगी श्वेता पुण्यात नोकरी करते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला.

"बाबा, तुमचा तो खिशात मावणारा छोटा कॅमेरा आहे का अजून?"

"आहे. का गं?"

"आमच्या ऑफिसात सगळ्याजणी जुने डिजिटल कॅमेरे शोधत फिरतायत. सध्या तेच चाललंय. मोबाइलपेक्षा त्याचे फोटो भारी वाटतात."

मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात माझ्या दुकानातली एक तरी वस्तू फॅशनमध्ये आली. मालकाचा नंबर कधी लागला नाही. पण तो कॅमेरा तिच्या हातात, मैत्रिणींच्या घोळक्यात, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. म्हटलं, "नेजो. पण आधी त्याची गोष्ट लिहून ठेवतो, ती वाच." दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हणून संपादकही मागे लागलेच होते. तेव्हा लेक आणि वाचक दोघांनाही एकाच पंगतीला बसवतो.

कारंजा लाडला बसस्टँडकडून गावात शिरणाऱ्या रस्त्यावर माझा स्टुडिओ. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार. त्या दारात बहुतेक वेळ सुनंदा, म्हणजे आमच्या सौ., आणि तिच्या सूचना. आत्ता हे लिहितानाही ती तिथेच आहे आणि "लिहायचं तं खरं लिहा, दुकानदारी नका करू" असं बजावून राहिली आहे.

खरं असं की, फोटोवाला म्हटलं की लोकांना लग्न, बारसं, पासपोर्ट एवढंच आठवतं. आमचं दुसरं काम कोणी पाटीवर लिहीत नाही. घरात मयत झाली की सोयऱ्यांना निरोप जायचा, बांबूवाल्याकडे माणूस जायचा, आणि एकजण फोटोवाल्याकडे यायचा. कारण गेलेल्या माणसाचा धड फोटो घरात नसायचा. असला तर कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमध्ये, मागच्या रांगेत, एक कान आणि अर्धी टोपी. मग भिंतीवर लावायला शेवटचा फोटो हाच एक फोटो. तो आम्ही काढायचा आणि दुकानात आणून त्याचे डोळे उघडायचे.

डोळे उघडायचे म्हणजे काय, ते सांगतो. मिटल्या डोळ्यांचा फोटो लोकांना भिंतीवर नको असतो. म्हणून भावाचे किंवा मुलाचे, ज्याचे जुळतील त्याचे डोळे फोटो काढून कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि त्या चेहऱ्यावर बसवायचे. नाकातला कापूस काढायचा, डोक्यामागं धरलेलं धोतर पुसून निळा पडदा टाकायचा, अंगात कोट घालायचा. जन्मभर बंडीवर राहिलेली कित्येक माणसं मी मेल्यावर कोटात बसवली आहेत. नातेवाईक फोटो बघून म्हणायचे, "आता बोलन असा वाटते." ही आमच्यासाठी मोठी शाबासकी.

पण या कामाला एक पथ्य होतं. मयत पाहिलेला कॅमेरा लग्नाच्या मांडवात चालायचा नाही. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेला माणूस आधी भाव विचारायचा नाही, हे विचारायचा, "भाऊ, कॅमेरा मयतीचा तं नाई ना?" म्हणून प्रत्येक फोटोवाल्याकडे दोन कॅमेरे. मोठा लग्नाचा, दुसरा दुःखाचा. माझा दुसरा कॅमेरा रोलचा होता. मग अकोल्याच्या लॅबनं रोल धुणं बंद केलं आणि मला नवीन दुसरा कॅमेरा घेणं भाग पडलं.

दुसरा कॅमेरा निवडणं हे पहिल्यापेक्षा अवघड. पहिला दाखवायचा असतो. गळ्यात मोठी लेन्स लोंबत असली की वऱ्हाडी आपोआप पोट आत घेतात. दुसरा लपवायचा असतो. ज्या घरात माणसं रडत बसली आहेत तिथे गळ्यात नळकांडं अडकवून शिरणं बेशरमपणाचं दिसतं. तो शर्टाच्या खिशात मावला पाहिजे, काम होताच परत खिशात गेला पाहिजे. त्याचा आवाज बंद करता आला पाहिजे. तो पेन्सिल सेलवर चालला पाहिजे, कारण मरण चार्जिंगची वाट पाहत नाही आणि पेन्सिल सेल कुठल्याही खेड्यात किराणा दुकानात मिळतात. आणि खोलीत अंधार असतो, तेव्हा फ्लॅश चांगला पाहिजे.

एवढं सगळं मनात घेऊन मी अकोल्याच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस उत्साही होता. एक चंदेरी रंगाचा, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा काढून म्हणाला, "हा घ्या. याच्यात स्माइल ओळखते. समोरचा हसला की फोटो आपोआप निघते."

"माह्ये गिऱ्हाईक हसत नाई."

"काहून? सरकारी कामं करता काय?"

"तसंच समजा. हलतबी नाई."

तो मोठ्यानं हसला. मीही हसलो. "लाल डोळे येत नाईत याच्यात," तो पुढे सांगू लागला. मी म्हटलं, "त्याची गरज नाई." "अन् कोणाचे डोळे मिटले असले तं कॅमेरा स्वतः विचारते." हे मी ऐकलं, पण त्याकडे लक्ष दिलं नाही. आवाज बंद होतो का ते पाहिलं, सेलचं झाकण उघडून पाहिलं, खिशात टाकून पाहिला आणि घेऊन आलो.

घरी आल्यावर सुनंदानं नियम घालून दिला. मयतीवरून आलो की ती दुकानाच्या पायरीवरच माझ्या पायांवर पाणी घालायची, मग सरळ न्हाणीत पाठवायची. मला अंघोळ घालता यायची, कॅमेऱ्याला नाही. म्हणून तो कायमचा सुतकात. मधलं दार त्यानं ओलांडायचं नाही. दुकानात मीटरच्या पेटीशेजारी एका खिळ्याला, कापडी पिशवीत तो लटकायचा. "तुम्ही मानता का हे?" असं कोणी विचारलं तर मी म्हणायचो, "मी नाही मानत. पण मला जेवण सुनंदा वाढते."

त्या कॅमेऱ्याचं पहिलंच काम देवरावचं निघालं.

देवराव कामरगावचा. कामरगाव-कारंजा काळीपिवळी जीप चालवायचा. त्या बाजूला लग्न असलं की मी त्याच्याच जीपनं जायचो, आणि तो माझ्यासाठी पुढची सीट धरून ठेवायचा. मागं माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असायची, पण ती सीट रिकामी. कोणी कुरकुरलं तर म्हणायचा, "फोटोवाल्या भाऊले चेंबटवलं तं नवरदेव वाकडा येईन." प्रत्येक खेपेला उतरताना त्याचं ठरलेलं वाक्य, "भाऊ, माहा एक फोटो काढा ना जीपीसंग." आणि माझं ठरलेलं उत्तर, "काढू, काढू. तू कुठं पयून चालला?"

एका सकाळी त्याचीच जीप माझ्या दुकानासमोर थांबली. चालवणारा दुसराच होता. तो म्हणाला, "भाऊ, चाला. देवराव गेला." स्टँडवर सवाऱ्या भरता भरता छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मी खिळ्यावरून पिशवी काढली. जीपमध्ये मागं दाटी होती. पुढची सीट त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती.

घरी त्याची बायको कुसुमबाई त्याच्या उशाशी बसलेली. शेजारी एकुलती एक मुलगी वर्षा, बारावीत शिकणारी. फोटो म्हणाल तर ड्रायव्हिंग लायसनवर एक होता, आणि त्याच्या बरोबर नाकडोळ्यांवर गोल शिक्का. दोघांनी डोक्यामागं पांढरं धोतर धरलं. मी खिशातून कॅमेरा काढला. आवाज बंद होता. फ्लॅश पडला आणि मागच्या पडद्यावर देवरावचा चेहरा आला, त्याच्याभोवती पिवळा चौकोन, आणि खाली इंग्रजीत अक्षरं उमटली: कोणी डोळे मिटले का?

मी घाईनं बटण शोधू लागलो. नवीन कॅमेरा, कुठलं बटण कशाचं ते अजून हाताला बसलं नव्हतं. कुसुमबाईंनी मान वर केली.

"काय लिवून आलं त्याच्यात?"

वर्षानं वाकून पडद्याकडे पाहिलं. तिला वाचता येत होतं. तिनं ते वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि आईला म्हणाली, "फोटो चांगला आला म्हन्ते, आई."

दिवस झाल्यावर वर्षा दुकानात आली. मी तिला आमची पद्धत सांगितली. भाऊ नाही, मुलगा नाही, बहीण आहे ती सिंधूबाई. तिच्या डोळ्यांची ठेवण वेगळी. डोळे घ्यायचे कोणाचे? तिनं जरा विचार केला.

"काका, माह्ये डोळे बाबाले बसतीन का?"

मी तिला स्टुलावर बसवलं. मोठ्या कॅमेऱ्यानं फोटो घेतला. म्हटलं, "अशी भेदरल्यासारखी नको पाहू. जीप भरताना तुहा बाप सवारीकडे पाह्याचा, तशी पाह्य." तिला हसू आलं, आणि ते ओसरता ओसरता मी बटण दाबलं. डोळे असे बसले की मला कामच पडलं नाही. कुसुमबाई फ्रेम न्यायला आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "हे तं माह्या पोट्टीचे डोळे होत." मी म्हटलं, तिनं बापाचेच घेतले होते, ते परत केले.

जीप विकून कुसुमबाईंनी शिलाई मशीन घेतली. काही वर्षांनी त्या वर्षाच्या लग्नाची ऑर्डर द्यायला आल्या. मुलगा मंगरूळपीरकडचा. व्हिडिओ नको, फक्त फोटो. त्यांनी कॅमेरा मयतीचा तर नाही ना, हे विचारलं नाही. मीच म्हटलं, "लग्नाचा मोठा कॅमेरा आनतो."

आता माझ्या धंद्यातलं एक कौशल्य सांगतो, उलटं चालणं. नवरदेव मांडवाकडे येतो तेव्हा फोटोवाला त्याच्यापुढे पाठीमागच्या बाजूनं चालत असतो. मागं काय आहे ते बघायचं नाही, अंदाजानं जायचं. मी जन्मभर असा चाललो आणि त्याचा मला अभिमान होता. कामरगावच्या त्या लग्नात, भर मे महिन्यात, मांडवाच्या खुंट्याला अडखळून मी उताणा पडलो. बँडवाला वाजवायचं विसरला. मला काही झालं नाही, अंगावर सुनंदाच्या हातचं बरंच आहे. कॅमेऱ्याच्या अंगावर काही नव्हतं. त्याची लेन्स मुळातून निखळली आणि आतलं काहीतरी खुळखुळू लागलं.

मुहूर्त जवळ आलेला. लग्नसराईत कारंज्यात एकही फोटोवाला मोकळा नव्हता, दोघांना फोन करून पाहिला. पाहुण्यांकडे मोबाइल होते, पण त्यातला फोटो म्हणजे पावसात पुसलेली रांगोळी. आणि माझ्या स्कूटरच्या डिकीत कापडी पिशवी होती. मंगरूळपीरला एक मयतीचं काम करून, तिथंच अंघोळ उरकून तसाच इकडे आलो होतो.

मी कुसुमबाईंना घराच्या मागच्या बाजूला बोलावलं. पिशवी उघडली नाही, नुसती दाखवली. त्यांनी ओळखली. देवरावची बहीण सिंधूबाई तिथेच अक्षतांची परात घेऊन उभ्या होत्या, भावाच्या मयतीला पाहिलेली ती पिशवी त्यांनीही ओळखली.

"अवो, यानं तं आमच्या भावाले पाह्यलं हाये," सिंधूबाई म्हणाल्या. "हे पोरीवर धरता? फोटो नाई निघाले तं नाई. लगन काई मोडत नाई."

मी म्हटलं, "ताई बरोबर बोलतात. तुमी म्हनसान तसं. मले राग नाई."

कुसुमबाई मांडवाकडे पाहत होत्या. तिथून वर्षाचा फक्त शालू दिसत होता.

"ताई, तुमच्या भावाचा एक फोटो सापडला होता का त्या दिवशी?" त्या म्हणाल्या. "लायसनवर शिक्का मारेल. बिनफोटोचं मानूस गेल्यावर कसं होते, ते मले माहीत हाये, तुमालेबी माहीत हाये. भाऊ, काढा तुमी."

सिंधूबाईंनी परात तिथंच ठेवली आणि त्या आत निघून गेल्या.

मी फोटो काढले. छोटा कॅमेरा असला तरी त्यानं मान राखला. उन्हाचा फोटो त्याला चांगला जमायचा. वर्षा एकदा अंतरपाटाच्या कडेनं सरळ माझ्याकडे पाहत होती, तो फोटो मी आजही माझ्या चांगल्या फोटोंत धरतो. तिनं कॅमेरा ओळखला होता. भुवया उंचावून तिनं विचारलं, हाच? मी मान हलवली. ती हसली, तेव्हाचा.

पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले. लग्नानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात वर्षा गेली. दुपारी कुलरमध्ये पाणी भरत होती, अनवाणी, आणि कुलर चालूच होता. आमच्याकडे उन्हाळ्यात कुलरनं माणसं जातात. पत्र्याच्या पेटीत वायर उघडी पडते, खाली पाणी सांडलेलं असतं. सगळ्यांना हे माहीत असतं आणि सगळ्यांच्या घरी तोच कुलर असतो. मला कोणी बोलावलं नाही. स्टँडवर एका जीपवाल्यानं सांगितलं. सांगून झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "लोक तुमच्या कॅमेऱ्याचं नाव घेऊन राह्यले, भाऊ. तिच्या सासरीबी पोचलं ते. सिंधूबाईनं तिथं तोंडावर सांगतलं."

त्यानंतर लग्नाच्या दोन ऑर्डरी परत गेल्या. ते मी समजू शकतो.

दिवस झाल्यावर एका दुपारी कुसुमबाई आल्या. एकट्याच. फ्रेम करायची होती. मी अंतरपाटाजवळचा फोटो काढून कॉम्प्युटरवर लावला. काहीच करायचं नव्हतं. डोळे उघडे होते. मागचा मांडव काढून निळा पडदा टाकला आणि प्रिंटला दिला. मशीनमधून तो हळूहळू बाहेर येत होता, कपाळ, मग भुवया, मग डोळे, तेव्हा त्या म्हणाल्या,

"भाऊ, खरं सांगा. कॅमेऱ्यानं झालं का?"

मी म्हटलं, नाही. अर्थिंग नव्हतं, वायर उघडी होती, पाणी होतं. करंट कसा लागतो ते सांगू लागलो. शिकवल्यासारखा बोलत सुटलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग मीटरच्या पेटीशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं.

"मी हो म्हनलं होतं. ताई नाई म्हनत होत्या. मी म्हनलं, काढा." आवाज चढला नव्हता. "लोक म्हन्तात, मायनंच पोरीवर धरायला लावला. तुमी म्हन्ता तसं काई नसते. मंग मले एक सांगा. या कॅमेऱ्यानं तुमी तुमच्या घरच्याइचा फोटो काढला का कधी?"

तिथं उत्तर एकच होतं आणि ते खिळ्याला लटकलेलं होतं. सुतक मी नाही मानत, नाही मानत म्हणायचो, पण श्वेताच्या वाढदिवसाला मोठा कॅमेरा दुरुस्तीला गेलेला असताना मी शेजाऱ्याचा मागून आणला होता.

मधल्या दारात सुनंदा चहाचे कप घेऊन उभी होती. किती ऐकलं होतं, कोण जाणे. तिनं ट्रे काउंटरवर ठेवला. कुसुमबाईंच्या हातात कप दिला. मग स्वतः जाऊन खिळ्यावरची पिशवी काढली. इतक्या वर्षांत तिनं तिला बोट लावलं नव्हतं. कॅमेरा बाहेर काढून माझ्या हातात दिला आणि स्टुलावर जाऊन बसली.

"काढा," ती म्हणाली.

"सुनंदा, राहू दे."

"काढा म्हन्ते ना. पोरीचे डोळे जिथं बसून घेतले, तिथंच बसली मी."

कुसुमबाई कप हातात धरून उभ्या होत्या. चहा पीत नव्हत्या. मी कॅमेरा समोर धरला. सुनंदाच्या चेहऱ्याभोवती पिवळा चौकोन आला. मी बटण दाबलं. फ्लॅश पडला आणि ती दचकली. वरवर कितीही धीट बसली असली तरी भ्याली होती.

पडद्यावर तिचा चेहरा आला. डोळे मिटलेले. आणि खाली तीच अक्षरं.

मी झटकन बटणाकडे बोट नेलं, पण कुसुमबाई पुढे येऊन पाहत होत्या.

"हे तवाबी आलं होतं," त्या म्हणाल्या. "माह्या मालकाच्या मयतीच्या वक्ती. वर्षा म्हने, फोटो चांगला आला म्हन्ते." त्या अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं. "काय म्हन्ते हे, भाऊ?"

मी सुनंदाकडे पाहिलं. ती स्टुलावरून उठली नव्हती.

"कोणी डोळे मिटले का, असं विचारते," मी सांगितलं.

प्रिंट तयार होऊन मशीनच्या तोंडाशी पडला होता. कुसुमबाईंनी तो उचलला नाही. त्यांनी कप ट्रेमध्ये ठेवला, लुगड्याच्या पदरानं एकदा तोंड पुसलं, आणि सुनंदाच्या जवळ जाऊन तिच्या कपाळावर आलेले केस मागं सारले, लग्नात नवरीचे सारतात तसे.

"मिटले वयनीनं," त्या मला म्हणाल्या. "मंग पुन्हा काढा."

मी पुन्हा काढला. या वेळी कॅमेऱ्यानं काही विचारलं नाही.